दिवस गेले, पण ठरवायचं कुणी?



आजचा विषय लोणच्या-पापडाचा नाही आणि व्रत-उपवासाचाही नाही. पण तो घराघरातला आहे. नको असताना दिवस जाणं, आणि मग पुढे काय करायचं ते ठरवणं. आपण बायका यावर बोलतोच, नाही असं नाही. पण आवाज खाली नेऊन, दार लोटून, 'तिचं मागे जरा तसं झालं होतं' एवढंच. पुढचं समोरचीनं समजून घ्यायचं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात एक प्रकरण गाजलं होतं, तुमच्या वाचनात आलं असेल. २७ वर्षांची विवाहित बाई, पदरी दोन मुलं. धाकटं अजून अंगावर पिणारं, त्यामुळे पाळी आलीच नव्हती. तिसऱ्यांदा दिवस गेल्याचं कळलं तेव्हा सहावा महिना चालू होता. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला नैराश्यानं घेरलं होतं, त्याची औषधं चालू होती. घरची परिस्थितीही बेताची. ९ ऑक्टोबरला दोन महिला न्यायमूर्तींनी तिला परवानगी दिली. लगेच सरकार परत कोर्टात गेलं, कारण गर्भ जगू शकेल असं एम्सच्या डॉक्टरांनी कळवलं होतं. मग त्याच दोन न्यायमूर्तींचं एकमत होईना. न्या. हिमा कोहली यांचं मन परवानगीला धजेना. न्या. नागरत्ना म्हणाल्या, तिनं ठरवलंय, तिच्या निर्णयाचा मान ठेवा. शेवटी १६ तारखेला सरन्यायाधीशांच्या तीन जणांच्या पीठानं नकार दिला. बाळंतपण एम्समध्ये सरकारी खर्चानं होईल आणि मूल दत्तक द्यायचं की ठेवायचं ते आईबापांनी ठरवावं, असं सांगितलं.

त्या आठवड्यात बस्तीच्या ओट्यावर दुसरा विषय नव्हता. आणि सगळ्यांत जास्त ऐकू आलेलं वाक्य कोणतं? 'सहा महिने कळलं नाही म्हणजे काय, बाई आहे की कोण?'

मला या वाक्याचा राग येतो. म्हणून आधी त्याचंच बघू.

अंगावर पाजत असताना दिवस जात नाहीत, हे आपल्याला आई-आजीनं सांगितलेलं आहे. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, त्याला दिवसरात्र फक्त आईचंच दूध हवं, वरचं पाणीसुद्धा नको, आणि पाळी परत सुरू झालेली नको. या तिन्ही गोष्टी एकदम असतील तरच भरवसा. बाळाला भाताची पेज सुरू केली की भरवसा संपला. आणि पाळी येण्याआधी बीज तयार होतं, नंतर नाही. म्हणजे एकही पाळी न येता बाई परत गरोदर राहू शकते. तिला उलट्या झाल्या तर पित्त वाटतं, थकवा आला तर बाळाचं जागरण वाटतं, पोट दिसलं तर बाळंतपणाचं सुटलेलं पोट वाटतं. नैराश्याच्या गोळ्या चालू असलेल्या बाईला स्वतःच्या शरीराकडे लक्ष द्यायचं भान असतं का, हे ज्यांनी घरात असं माणूस पाहिलंय त्यांनाच ठाऊक.

दुसऱ्या टोकाला पंचेचाळिशीच्या बायका. पाळी मागेपुढे होते, दोन-दोन महिने येत नाही. आता 'जायची' वेळ आली असं समजून त्या निर्धास्त असतात. माझ्या ओळखीत असं घडलेलं आहे. थोरल्या मुलीसाठी स्थळं बघणं चालू, आणि आईला चौथा महिना. त्या बाईला गर्भाची भीती नव्हती, पैशाची नव्हती. भीती होती ती येणारी पाहुणेमंडळी काय म्हणतील याची. 'या वयात हे काय' अशी नजर तिला मुलांच्या डोळ्यांत दिसत होती. मुलं बिचारी काही बोललीसुद्धा नव्हती. निर्णय झाला तो या लाजेपोटी. डॉक्टरांच्या कागदावर मात्र कारण दुसरंच लिहिलेलं होतं.

कळलेलं असूनही न कळल्यासारखं वागणं, हाही एक प्रकार आहे. पाळी चुकली की बाई कॅलेंडरकडे बघायचं टाळते. दोन दिवसांत येईल, पपई खाऊन बघू, गरम पडलं असेल. त्याला आपण हलगर्जीपणा म्हणतो. पण तो बहुतेक वेळा घाबरलेल्या माणसानं डोळे मिटून घेणं असतं. ज्या घरात बातमी सांगितल्यावर काय होईल याची खात्री नाही, त्या घरातली बाई बातमी स्वतःलासुद्धा उशिरा सांगते. आणि इथे आठवडे मोजून पुढे सरकत असतात. ९ आठवड्यांपर्यंत डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळ्यांनी होतं. २० पर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. २० ते २४ मध्ये दोन डॉक्टर लागतात, तेही ठरावीक परिस्थितीतल्या बायकांनाच. त्यापुढे गर्भात गंभीर दोष असेल किंवा बाईच्या जिवालाच धोका असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर कोर्टाची पायरी.

हे फार थोड्यांच्या बाबतीत घडतं असं वाटत असेल तर आकडा सांगते. आकडे बघितल्याशिवाय माझं समाधान होत नाही, ही कॉमर्सची खोड. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये छापून आलेल्या अभ्यासाप्रमाणे २०१५ साली भारतात सुमारे ४ कोटी ८१ लाख वेळा दिवस गेले, आणि त्यातले जवळजवळ निम्मे न ठरवता. गर्भपात झाले १ कोटी ५६ लाख. आणि त्यातले साधारण तीन-चतुर्थांश कुठल्याच दवाखान्यात नाहीत, तर बाहेर औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी. म्हणजे एवढ्या बायका बंद बाथरूममध्ये, घरच्यांना पाळीचं दुखतंय असं सांगून, एकट्या. काही जणींच्या जिवावर बेतलं असेल. सगळ्या जणी एकट्या होत्या हे तर नक्कीच.

का जातात अशा? दवाखान्यात गेलं की पहिला प्रश्न येतो, 'मिस्टर कुठायत? त्यांची सही लागेल.' मैत्रिणींनो, हे नीट लक्षात ठेवा, लेकी-सुनांनाही सांगा. १८ वर्षं पूर्ण झालेल्या बाईची फक्त तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही, वडिलांची नाही. १९७१ च्या कायद्यातच तसं आहे. हा कायदा ज्यांच्या अहवालावरून झाला ते शांतिलाल शाह आपल्या महाराष्ट्राचेच मंत्री. १९६६ साली त्यांच्या समितीनं अहवाल दिला, कारण चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या. २०२१ च्या दुरुस्तीनं बाईचं नाव फोडणाऱ्यालाही शिक्षा ठेवली, एक वर्षापर्यंत कैद. त्याच दुरुस्तीनं 'विवाहित स्त्री आणि तिचा नवरा' हे शब्द जाऊन 'स्त्री आणि तिचा जोडीदार' असे शब्द आले. पण रुग्णालयाच्या छापील फॉर्मवर नवऱ्याच्या सहीची रेघ अजून असतेच. पन्नास वर्षं झाली कायद्याला, रेघ काही पुसली जात नाही.

आता तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, कायदा राहू दे, धर्माचं बोल. बोलते.

गर्भात जीव आहे का? आहे. आपल्या शास्त्राप्रमाणे आहेच, त्यात शंका नाही. पंचकल्याणकात पहिलं कल्याणक गर्भाचंच. तीर्थंकरांच्या मातेची सोळा स्वप्नं आपण हौसेनं स्टेजवर दाखवतो. आपल्याला गृहस्थाला चार हिंसा सांगितल्या आहेत. चूल पेटवताना होणारी आरंभी, धंद्यात होणारी उद्योगी, स्वतःला वाचवताना होणारी विरोधी. या तिन्हींत गृहस्थाला थोडी सूट आहे. संकल्पी हिंसेत नाही. ठरवून केलेला गर्भपात संकल्पीत मोडतो, असं मुनीमहाराज सांगतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही आणि कुणाला 'त्यात काही पाप नाही' असं सांगून खोटा धीरही देत नाही. असा धीर टिकत नाही. बाई रात्री एकटी असताना तो गळून पडतो.

पण त्याच शास्त्रात हिंसेची व्याख्या कशी केली आहे ते बघा. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात प्रमादाच्या योगानं प्राणांचा घात होणं, ती हिंसा, असं सांगितलंय. आधी प्रमाद, मग घात. मग मला सांगा, या सगळ्या गोष्टीत प्रमाद कुणाकुणाचा? नऊ महिन्यांच्या बाळाच्या आईजवळ कसलीही काळजी न घेता जाणाऱ्याचा नाही का? 'मला ते रबर आवडत नाही' म्हणणाऱ्याचा? 'तांबी बसवली की बायका बिघडतात' म्हणून सुनेला दवाखान्यातून परत आणणाऱ्या सासूचा? लग्नाआधी मुलीला साडीच्या निऱ्या शिकवून बाकी काहीच न शिकवणाऱ्या आईचा? घाताचा हिशेब एकट्या बाईच्या खात्यावर आणि प्रमाद कुणाच्याच नाही, अशी वही आमच्या कॉलेजातल्या सरांनी फाडून टाकली असती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा (पाचवी, २०१९-२१) आकडा आहे. देशातल्या विवाहित बायकांपैकी जवळजवळ ३८ टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं. आणि पुरुषांची नसबंदी? ०.३ टक्के. पुरुषाचं ऑपरेशन बिनटाक्याचं, दहा-पंधरा मिनिटांचं, त्याच दिवशी घरी. तरी हा आकडा. अष्टमी-चतुर्दशीचा ब्रह्मचर्याचा नेम आपल्यात पुष्कळ घरांत पाळतात, चांगलंच आहे. पण महिन्याचे उरलेले दिवस उरतातच ना.

आणि आणखी एक आठवण करून द्यायची आहे, ती कडू आहे. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलग्यांमागे मुली किती, ते धर्मवार छापलं होतं. देशाची सरासरी ९२७. आपली ८७०. आपल्या खाली फक्त शीख समाज. त्याच जनगणनेत बायकांच्या साक्षरतेत आपण देशात पहिले, ९० टक्क्यांच्या वर. शिकलेल्या, पाणी गाळून पिणाऱ्या, कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या घरांतल्या मुली कुठे गेल्या? तेव्हा संकल्पी हिंसा कुणाला आठवली नव्हती. १९८८ मध्ये महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वांत आधी कायदा केला, १९९४ ला केंद्राचा आला, तरी सोनोग्राफीच्या खोलीतून खूण करून सांगणारे होते आणि ती खूण पैसे मोजून घेणारी आपलीच माणसं होती. म्हणून एखाद्या थकलेल्या बाईनं 'मला तिसरं झेपणार नाही' म्हटल्यावर तिला जीवहत्येचं व्याख्यान द्यायला जी मंडळी पुढे येतात, त्यांना मी आधी विचारते, तुमच्या घरात दोन मुलींनंतर काय झालं होतं? बहुतेक वेळा पुढचं व्याख्यान थांबतं.

झेपणं म्हणजे फक्त पैसा नव्हे, पण पैसाही आहेच. एका खोलीत सहा माणसं राहतात तिथे पाळणा कुठे टांगायचा इथपासून प्रश्न असतो. नुकती लागलेली नोकरी, बाळंतपणाची रजा मिळेल का, मिळाली तरी परत घेतील का. अंथरुणाला खिळलेले सासरे. पिणारा नवरा. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डायना ग्रीन फॉस्टर यांनी सुमारे १००० बायकांशी पाच वर्षं, दर सहा महिन्यांनी बोलून अभ्यास केला. काहींना गर्भपात करता आला होता, काही मुदत उलटल्यामुळे परत पाठवलेल्या होत्या. कारणं विचारली तर पैसा, वेळ योग्य नाही, जोडीदाराचा भरवसा नाही, आणि असलेल्या मुलांकडे बघायचंय. सातासमुद्रापलीकडे, पण कारणं आपल्या गल्लीतली. ज्यांनी गर्भपात केला त्यांतल्या बहुतेकींना पाच वर्षांनीही निर्णय बरोबर वाटत होता. आणि दुसरी बाजूही सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. ज्यांना परत पाठवलं त्यांतल्या फार थोड्याच जणींना पाच वर्षांनी 'तेव्हा झाला असता तर बरं' असं वाटत होतं. मूल आलं, त्याचा लळा लागला. मात्र पैशाची ओढाताण त्यांच्या वाट्याला जास्त आली, आणि मारझोड करणाऱ्या माणसापासून सुटणं त्यांना जास्त अवघड गेलं. लळा आणि हाल, दोन्ही एकाच घरात नांदतात.

म्हणून नको असताना गेलेले दिवस म्हणजे नकोसं मूल, असं मी धरत नाही. वेळ नको असते, परिस्थिती नको असते, कधी माणूस नको असतो. एकाच बाईला सकाळी ठेवावंसं वाटतं आणि संध्याकाळी नको वाटतं. त्यात ती चंचल आहे असं काही नाही. तिला चार दिवस शांतपणे विचार करायला मिळाले पाहिजेत. मिळतं काय? नवरा म्हणतो, 'तुझं तू बघ' आणि टीव्ही लावतो. हे 'तुझं तू बघ' मला सर्वांत निष्ठुर वाटतं. वरून मोकळीक दिल्यासारखं दिसतं, पण पुढे काहीही झालं तरी दोष तिचा, एवढी सोय त्यात करून ठेवलेली असते.

उलटंही होतं. तिला ठेवायचं असतं आणि घर म्हणतं, काढ. पहिलंच, लग्नाला चार महिने झालेत, इतक्यात कशाला, फॉरेनचं प्रोजेक्ट आहे. 'काढ' म्हणणारे हल्ली सुशिक्षित असतात आणि गोड बोलतात. अशी एक मुलगी माझ्यासमोर रडली आहे. तिनं ऐकलं सगळ्यांचं. कायद्यानं तिची संमती लागते म्हणजे तिची नामंजुरीही तितकीच चालते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. निर्णय बाईचा असला पाहिजे असं मी म्हणते ते दोन्ही बाजूंनी म्हणते.

लग्न न झालेल्या मुलींचं तर विचारूच नका. सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं की २४ आठवड्यांची सोय विवाहितेला आणि अविवाहितेला वेगळी ठेवता येणार नाही. पण मुलगी घाबरते ती कोर्टाला नव्हे, मामाला आणि आत्याला. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवा बायकांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. येणारीला उपदेश नव्हता, आधी दार उघडं होतं. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. दीडशे वर्षांपूर्वी मूल मारण्यावर त्यांना जो उपाय सापडला तो आजही तोच आहे. आजही मूल बालकल्याण समितीपुढे रीतसर सोपवता येतं आणि फेरविचाराला आईला दोन महिने मिळतात. पण त्याआधी नऊ महिने ती मुलगी राहणार कुणाकडे? आपल्यातली कोण ठेवून घेईल?

झाल्यावरचं थोडं बोलते. आपोआप गर्भ पडला तर शेजारणी डिंकाचा लाडू घेऊन येतात, पाठीवरून हात फिरवतात. ठरवून केलेल्या बाईकडे कुणी येत नाही. रक्त तितकंच गेलेलं असतं, कंबर तितकीच दुखत असते. कुणाला सुटल्यासारखं वाटतं, कुणाला रडू येतं, कुणाला एकाच दिवशी दोन्ही. ज्या बाईच्या मनात धर्म खोल आहे तिच्यासाठी आपल्याकडे आलोचना आहे, प्रतिक्रमण आहे, प्रायश्चित्त आहे. ते ती आणि तिचे गुरू बघतील, माताजींजवळ मन मोकळं करता येतं. ओट्यावर बसून शिक्षा सुनावण्याचा अधिकार मात्र कुठल्याच श्रावकाचारात कुणाला दिलेला माझ्या वाचनात नाही. लाडू घेऊन जायला काय हरकत आहे?

आणि हे सगळं घडायच्या आधी करण्यासारखं पुष्कळ आहे. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत दवाखान्यातच तांबी बसवता येते. 'छाया' नावाची गोळी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. तीन महिन्यांचं इंजेक्शन आहे, 'अंतरा'. डॉक्टरांना विचारून जे सोसेल ते घ्यावं. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, लोकांनी त्यांना काय काय म्हटलं नसेल. शंभर वर्षं उलटून गेली, आणि आपल्या सुना अजून ही नावं मोबाइलमध्ये चोरून शोधतात.

दशलक्षण पर्वात आमच्या महिला मंडळाची दुपारची व्याख्यानं असतात. यंदा एक दुपार मी स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंसाठी मागितली आहे, आणि पुरुषांनाही बोलवायचं म्हटलं आहे. विषय वाचून अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढला, परत लावला. मग म्हणाल्या, 'अहो, येतील का ते?' मी म्हटलं, पर्वात उपवास-एकाशन करणारे आपल्याकडे बायकाच जास्त. पुरुषांसाठी नाश्ता ठेवू आणि तो व्याख्यान संपल्यावर देऊ. फक्त सूर्यास्ताच्या आत संपवायचं, म्हणजे साडेचारला सुरू करावं लागेल.